जोहार कोणी घातला

तेल्हारा
२ ऑगस्ट १९५९

श्री. धर्मपाल बुधाजी, अध्यक्ष, बौद्ध पंच मंडळ, मुक्काम बोरखडी, तालुका दर्यापूर, यांना सविनय जयभीम.

रागावू नकोस. ‘प्रिय दादा’ असं लिहिलेलं पत्र तू न उघडता जयवंता वहिनीकडे टाकशील, पण अध्यक्षांच्या नावाचं पत्र तुला उघडावंच लागतं. एवढी अक्कल तुझ्या बहिणीला आहे. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, आणि कृपा करून मंडळासमोर वाचू नकोस.

मला इथे येऊन महिना झाला. नेमणुकीचा हुकूम आला तेव्हा तू म्हणाला होतास, आपल्या वस्तीतली पहिली मास्तरीण निघाली, सगळे तिला बनोश्याच्या टेसनावर पोचवायला येतील. आलं कोण? एकटा बाबा. माझी पेटी डोक्यावर घेऊन तो निघाला तशी दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवरची माणसं आत वळली. गावातले वळले असते तर मला त्याचं नवल नव्हतं. वळले ते आपले. तू ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतास, आणि ते चार दिवसांचं शिळं होतं, हे मी येता येता पाहिलं.

गाडी येईपर्यंत बाबा एकच वाक्य बोलला. “दादावर राग धरू नको, त्याच्या जागी त्याचं बराबर हाय.” मग मुर्तिजापूरला गाडी बदलताना पेटी कोणाकडून उचलून घ्यायची ते मला तीनदा समजावलं. वीस वर्षांची घोडी झाले तरी त्याच्या लेखी मी अजून पाटीवर अक्षरं गिरवणारी आहे.

मी इथे तिसरीला शिकवते. पोरींना सांगते, आधी हकीकत लिहा, मग मत लिहा, दोन्हींची खिचडी करू नका. आता मी स्वतः तसं करून पाहते.

हकीकत अशी. यंदा वैशाखात सूर्यभानजी पाटील पहाटे वारले. त्यांची मुलगी जमुना येवद्याला दिलेली, आपल्यापासून चार कोसांवर. गावात कोणी गेलं की बाहेरगावच्या नातलगांना मातीची खबर आपल्या माणसाने न्यायची, हा जुना रिवाज. परक्या अंगणाबाहेर उभं राहायचं, वाकून जोहार घालायचा, कोण गेलं ते सांगायचं, पदरात टाकतील ते दाणे घेऊन माघारी फिरायचं. दीक्षा घेतल्यावर आपण ठराव केला की मेलेलं ढोर ओढणार नाही, खबर नेणार नाही, जोहार घालणार नाही. त्या दिवशी सूर्यभानजींचा मुलगा पंजाबराव म्हणाला, खबर नेणं महाराचं काम आहे, आमच्यातलं कोणी जाणार नाही, मग बहीण मातीला नाही आली तरी चालेल. दुपारी दोनला जमुनाची बैलांची दमणी वेशीतून आत आली. तिसऱ्या दिवशी पंजाबराव चावडीवर सगळ्यांना ऐकवत सुटला, की येवद्याला बुधाजीकडची खबर आली आणि रीतसर जोहार घालून आली, आता तुमचा ठराव ठेवा उशाला. आपली बैठक भरली. बाबा उभा राहिला आणि म्हणाला, “मी गेल्तो.” अध्यक्षांनी, म्हणजे त्याच्या पोटच्या पोराने, त्याला पंगतीतून, बैठकीतून आणि वंदनेतून वर्षभर बाद केलं. वर्षानंतरही सगळ्यांसमोर ‘चुकलं’ म्हणेल तरच परत घ्यायचं ठरलं.

हकीकत संपली. आता मत. गावाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला अंगणाबाहेर उभं केलं म्हणून आपण बुद्धाकडे गेलो. तिथे जाऊन तू पहिलं काम काय केलंस, तर आपल्या बापाला अंगणाबाहेर उभं केलंस. धर्माचा तू धर्मपाल झालास, त्यात ‘पाल’ म्हणजे राखणारा ना? मग बापाला कोण राखणार?

मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. एक कार्ड टाक. चार शब्द चालतील.

शालू

▪

तेल्हारा
१८ ऑक्टोबर १९५९

दादास जयभीम,

तुझं कार्ड आलं नाही. पोळ्याच्या मारहाणीपासून तुझी उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून लिहिता येत नसेल, असं मी पार्बताबाईला सांगते. ही माझी घरमालकीण. विधवा आहे, आपल्यातलीच, कापसाच्या जिनात कामाला जाते. ती म्हणते, “बोटं वळत नाई तं काय, पोराच्या हातून लिवता येते ना वं.” तिला गप्प करणं मला जमलेलं नाही.

दसऱ्याला चार दिवस गावी येऊन गेले. तू घरात असूनही माझ्याशी बोललास ते एकदाच, त्याबद्दल लिहायचं आहे. तोंडावर मला सुचत नाही, कागदावर सुचतं.

बाबाची चूल मी पाहिली. गोठ्याच्या कुडाला लागून तीन दगड, वर काळं पडलेलं पातेलं. वहिनी कोणी बघत नसताना त्याच्या ताटलीत कालवण ओतते, आणि तू बघत असलास तर तुला दिसत नाही असं दाखवतोस. हे तुझं मला आवडलं. नव्या विहाराच्या पायाचे दगड नदीवरून कोण आणतं तेही पाहिलं. उजाडण्याआधी म्हातारा दोन खेपा करून दगड रचून ठेवतो, आणि तुमची पोरं आठ वाजता येऊन ‘अरे वा, दगड आलेच’ म्हणतात. दगड चालतात, आणणारा चालत नाही. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत वंदना सुरू झाली की तो दाराबाहेर निंबाखाली बसून ओठ हलवतो. त्याला अर्धी पाली येत नाही. जी येते ती मी अमरावतीला ट्रेनिंगला होते तेव्हा सुटीत त्याला शिकवलेली.

हे सगळं मी तुला दुसऱ्या दिवशी कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावर सुनावलं. चांगलं अर्धा तास सुनावलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तेव्हापासून ते माझ्या कानातून जात नाही.

“खबर नेली त्याचं मले काई नाई, शालू. मेलेल्या माणसाची पोरगी हाय, तिनं बापाचं तोंड पाह्यलं, बरं झालं. पण जोहार काहून घातला? त्या एका शब्दापायी तीन महिने खारं पाणी पेलो आपण.”

मला ते तीन महिने ठाऊक आहेत, दादा. गोड्या पाण्याची विहीर बंद केली, दुकानदाराने मीठ बंद केलं, निंदायला कोणी बोलावलं नाही. वस्तीतल्या लेकरांची पोटं खाऱ्या पाण्याने बिघडली, आणि तरी एकही घर फुटलं नाही. गावाचं म्हणणं एवढंच होतं, की दीक्षा घ्या नाही तर काशीला जा, पण येता-जाता जोहार घाला. तू तो घातला नाहीस म्हणून पोळ्याला तुला मारलं. मी अमरावतीहून आले तेव्हा तुझा हात सुजून टम्म होता आणि तू मला विचारत होतास, गणिताचा पेपर कसा गेला.

मी तुला म्हटलं, जुनी जीभ आहे, घसरली असेल. तू म्हणालास, “तो घसरणारा माणूस नाई. दीक्षेपासून झोपेतबी त्यानं तो शब्द काढला नाई. म्हणून तं मले समजून नाई राह्यलं.”

त्यावर मी गप्प बसले. तुला वाटलं मला पटलं. वाद घालणारी शालू अशी मध्येच गप्प बसली तर काहीतरी वेगळं असतं, हे तुला कळायला हवं होतं. पण ते जाऊ दे. पोरींच्या वह्या तपासायच्या राहिल्यात.

शालू

▪

तेल्हारा
१७ जानेवारी १९६०

दादास जयभीम,

बाबा माझ्याकडे आठ दिवस राहून गेला. तुला कळलंच असेल, कारण गोठ्याकडून खोकला ऐकू आला नसेल.

त्याला शाळा बघायची होती. खिडकीबाहेर बसतो म्हणाला, मी हात धरून आत आणलं आणि मागच्या बाकावर बसवलं. तिसरीच्या पोरींबरोबर तो बाराचा पाढा म्हणाला आणि बारा साती नव्वद म्हणाला. पोरी हसल्या, तोही हसला. आठ महिन्यांत तो पंगतीत कोणाच्या शेजारी बसला नव्हता. शाळा सुटल्यावर एका मुलीची आई मला विचारत होती, बाई, तुम्ही कोणापैकी? मी बौद्ध म्हटलं. “ते झालं वो, पन आंधी कोन होते?” बाबा पुढे होऊन म्हणाला, “आंधी इची माय होती, आता ही हाय.” ती बाई अजून विचार करत असेल.

देवीदास रविवारी बडनेऱ्याहून आले होते. तू जोडलेलं स्थळ मला नापसंत नाही, हे एकदा लिहूनच टाकते. रेल्वेत कारकून, नीट बोलतात, माझ्या नोकरीला हरकत नाही, आणि विहारात पहिलं लग्न आपलं लागावं अशी हौस. तू त्यांच्याबरोबर पाठवलेला निरोप त्यांनी बाबाला सांगितला. एकदा ‘चुकलं’ म्हणा, वर्ष भरायचीही वाट बघणार नाही, धर्मपालने स्वतः सांगितलंय. किती मऊपणाने सांगितलं त्यांनी. तू हा निरोप धाडलास म्हणजे तुलाही आतून काही टोचतंय, हे मला कळलं, आणि मला रडू आलं.

बाबा म्हणाला, “जे मी चुकलो नाई त्याले चुकलं म्हनाले जीभ वळत नाई.” त्याच्या पुढे आणखी काही म्हणाला, देवीदास गेल्यावर. ते लिहीत नाही.

जाताना देवीदास मला बाहेर म्हणाले, तुमच्या दादांसारखं घर नाही, म्हातारा सोडला तर जोहार तुमच्या उंबऱ्यातून कधीच गेला. जिथे तो शिल्लक आहे अशा घरी मी मुलगी बघायला गेलोच नसतो. हे त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं. मी हो हो म्हटलं. रात्री भाकरी केली ती तव्यावरच करपली आणि पार्बताबाई म्हणाली, “काय वं, कुठी ध्यान हाय तुयं?”

ध्यान कुठे आहे ते मलाही सांगता येत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि काय लिहायचं होतं ते विसरते. रस्त्याने भरभर चालते आणि कुठे निघाले ते आठवत नाही. कोणी हाक मारली की दचकते. तुला हे का लिहिते आहे? लहानपणी मी काही मोडलं की तू माझा चेहरा बघूनच ओळखायचास. पत्रात चेहरा दिसत नाही, ते एक बरं आहे आणि एक वाईट आहे.

शालू

▪

तेल्हारा
२० मार्च १९६०

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दहा महिन्यांत पहिलं, आणि पोराच्या हातून नाही, तुझ्याच वाकड्या अक्षरात. ‘वैशाख पौर्णिमेला विहार उघडणार. भंतेजी येणार. बाबाने चुकलं म्हणावे. न म्हटल्यास बाहेर. मंडळाचा निर्णय आहे, माझा एकट्याचा नाही. तू समजाव.’

मी समजावू? तू माणूस तरी बरा निवडलास.

म्हातारा म्हणणार नाही. त्याने पायाचे दगड वाहिले तरी तो दाराबाहेर बसेल, पण म्हणणार नाही. पौर्णिमा झाली की बडनेऱ्याला आत्याकडे कायमचा जातो असं त्याने वहिनीला सांगितलंय. वहिनीने ते तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. ज्या गावात पोरगा बापाशी बोलत नाही तिथे मरायला नको, असं म्हणाला. रागाने म्हणाला नाही. कुठलं बियाणं पेरायचं ते सांगावं तसं म्हणाला.

तो का म्हणत नाही ते तुला कळायलाच हवं आहे. ते असं आहे की

यापुढच्या सहा ओळी मीच खोडल्या आहेत. कागद उजेडावर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, शाई दाट आहे. नवा कागद घ्यायला हवा होता, पण नवा घेतला तर हेही पत्र टाकलं जाणार नाही.

शालू

▪

तेल्हारा
४ मे १९६०

दादा,

एक तारखेला नवं राज्य झालं. शाळेत झेंडा झाला, पोरींना पेढे वाटले. सगळे एकमेकांना सांगत होते, आता नव्याने सुरुवात. मी माझा पेढा हातात धरून उभी होते आणि ठरवलं की आज लिहायचं, खोडायचं नाही. तरी आजवर तीन दिवस गेले. पण हे घे.

येवद्याला मी गेले होते.

बाबा त्या दिवशी शेळ्या घेऊन नदीकडे होता. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, आणि येवद्याला बाई आली की पुरुष हे कोणी विचारलं नाही, म्हणून सगळ्यांना पटलं. मी दर्यापूरला मामीकडे गेले असं तुम्ही धरून चालला होतात. मी पहाटे विहिरीवर पंजाबरावाचं बोलणं ऐकलं, आणि घागर तिथेच ठेवून चालू लागले. गावच्या शाळेत मी पायरीवर बसायचे आणि जमुना आतून तिची पाटी माझ्याकडे वळवून धरायची, म्हणून मला गणित आलं. तिचं लग्न झालं तेव्हा तिने मला सांगून ठेवलं होतं, माझ्या बाबांचं काही झालं तर तू मला कळव, भाऊ कळवणार नाही. ठराव मला माहीत होता. मी स्वतःशी म्हटलं, ठराव महाराच्या कामाबद्दल आहे, मैत्रिणीबद्दल नाही. हे मी आजही म्हणते, भंतेजींसमोरही म्हणेन.

चार कोस मी एकच वाक्य घोकत गेले. ‘जमुना, मी शालू. तुझे बाबा गेले. चल लवकर.’

तिच्या सासरी अंगणात बाया कुरोड्या घालत होत्या. अंगणाला फाटक नाही, कुंपण नाही, नुसती शेणाने सारवलेली कड आहे. माझे पाय त्या कडेवर थांबले. कोणी थांबवलं नाही, दादा, त्या बायांनी तर मान वर करून पाहिलंही नव्हतं. मग जमुनाची सासू म्हणाली, “काय वं, कोनाची हायेस?”

आणि मी वाकले. हात जमिनीकडे गेले. तोंडातून आलं, “जोहार, माय.”

दीक्षा झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तो शब्द मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. लहानपणी बाबाच्या मागे उभी राहून नुसता ऐकला होता. मी ट्रेनिंग झालेली, पदविका असलेली, नेमणुकीचा हुकूम पेटीत असलेली बाई, आणि परक्या अंगणाच्या कडेवर माझ्या तोंडी तोच आला. पुढचंही सगळं रीतीने झालं. बोरखडीहून, बुधाजीच्या घरची, सूर्यभान पाटील पहाटे गेले. मैत्रीण म्हणून घोकलेल्या वाक्यातला एक शब्द आला नाही.

सासू वाईट नव्हती. निंबाच्या सावलीत बस म्हणाली, वरून पाणी ओतलं ते मी ओंजळीने प्यायले. आतून जमुनाचा हंबरडा ऐकू आला. ती बाहेर आली नाही, भोवळ आली म्हणून तिला आत आडवं केलं होतं, तिने मला पाहिलंच नाही. तिला अजून माहीत नाही कोण आलं होतं. मग सासूने सुपातून ज्वारी आणली. मी नको म्हणू शकत होते. मी पदर पसरला.

घरी आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. बाबाने पदराची गाठ पाहिली. मी सगळं सांगितलं, रडले, स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. त्याने गाठ सोडली, ज्वारी स्वतःच्या उपरण्यात बांधली आणि म्हणाला, “हुकूम आलेल्या बाईनं हे पदरात घेऊन हिंडू नये.” बैठकीत त्याने पुरावा म्हणून पुढे टाकलेलं उपरणं तुला आठवतं ना? तू ते पायाने सरकवलं होतंस. मी बायांच्या घोळक्यात उभी होते. उठून बोलायला एक पाऊल पुढे टाकलं, त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी ते पाऊल मागे घेतलं. त्याने मला अडवलं असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. एक म्हातारा डोळ्यांनी कितीसा अडवणार? मला अडायचं होतं.

जानेवारीच्या पत्रात मी त्याचं बोलणं अर्धं लिहिलं. पुढचं असं होतं: “एक खोटं पोरीसाठी बोललो. दुसरं सोतासाठी नाई बोलत.”

मग त्या पत्रांमध्ये मी तुला कसला उपदेश करत होते? बापाला अंगणाबाहेर कोणी उभं केलं हे मी तुला विचारत होते. हे पत्र पूर्वीच्या चारांशेजारी ठेव म्हणजे तुझी बहीण काय चीज आहे ते कळेल. मला मंडळाची भीती नव्हती. गावाची तर नव्हतीच. तुझ्या तोंडाकडे बघायची भीती होती. फुटलेल्या हाताने तू माझी फी भरायला अमरावतीला आलास आणि वाटेत म्हणालास, जोहार म्हणणारी जीभ आपल्या घरात बाबाबरोबर संपली, तुझ्या जिभेला तो माहीत नाही. ती जीभ माझ्या तोंडात आहे, दादा. पुस्तकांनी ती गेली नाही. ती कशाने जाते ते मला माहीत नाही, पण लपवून ठेवल्याने जात नाही, एवढं या वर्षात कळलं.

देवीदासांना मी हेच सगळं लिहिलंय, याच टपालाने दोन्ही पत्रं टाकते आहे. ते काय ठरवतील ते ठरवोत. जिथे जोहार शिल्लक आहे तिथे मुलगी बघत नाही म्हणाले होते, त्यांना मी धरून ठेवणार नाही. मनातून वाईट वाटतंय, ते खोटं कशाला सांगू?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी निघते. तुझं उत्तर यायची वाट बघत नाही, म्हणून घाई करून कार्ड लिहू नकोस, बोटं दुखतील. मंडळाला सांग की बुधाजीची मुलगी सगळ्यांसमोर बोलणार आहे. बाया बैठकीत बोलत नाहीत असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. खबर नेली ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. पुन्हा जमुनाच्या घरची वेळ आली तर पुन्हा जाईन, पण अंगणाची कड ओलांडून जाईन, तिचा हात धरेन आणि माझं नाव सांगेन. जोहार घातला आणि ज्वारी घेतली ते चुकलं, आणि त्याहून मोठं चुकलं ते वर्षभर गप्प बसले ते. तुला मंडळासाठी हवा असलेला शब्द माझ्याकडून घे, पाहिजे तितक्या वेळा.

बाबाला यातलं आधी काही सांगू नकोस, तो निघून जाईल. त्याला नवं धोतर दे. भंतेजींसमोर पहिल्या ओळीत बसव आणि त्याच्याशी बोल. काहीही बोल, पिकाचं बोल. पाली चुकला तर हसू नका.

आणि वर्षाच्या शिक्षेचं म्हणशील, तर ती भरलेली नाही, कारण ज्याची होती त्याने ती भोगलीच नाही. दाराबाहेर निंबाखालची ती जागा माझी आहे. बाबा वर्षभर माझ्या जागेवर बसलाय. त्याला उठव.

तुझी
शालू